चव कुठल्या गावची?

गोव्याच्या अगदी वरच्या टोकाला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे केरी हे गाव आहे. समोरच्या काठावर तेरेखोलचा किल्ला, आणि नदीने थोडं आत गेलं की महाराष्ट्रातलं आरोंदं. एप्रिलात आम्ही घरच्यांनी मिळून केरीत एक व्हिला भाड्याने घेतला. माझा धाकटा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो, त्यातली काही वाइनची. खरड छाटणी उरकून तो आला होता. माझ्या बायकोचं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं, काजूच्या बागायतीचं. तो तिला वहिनी म्हणतो, ती त्याला भावोजी. जाऊ तिथलं खायचं आणि तिथलंच प्यायचं, यावर दोघांचं एकमत होतं. पण ‘तिथलं’ म्हणजे काय, यावर अजिबात नव्हतं. फ्रिजमध्ये त्याने म्हापशाच्या दुकानातून आणलेली चेनिन ब्लां वाइनची बाटली होती आणि तिच्या शेजारी, पाण्याच्या जुन्या बाटलीत, तिने गावातून मिळवलेला काजूचा हुर्राक. पुढचं बोलणं त्या दोन बाटल्यांवरून झालं. मी ग्लास भरण्याचं काम केलं आणि मध्ये पडलो नाही.

भावोजी : वहिनी, माझी बाटली मागच्या कप्प्यात कुणी ढकलली?

वहिनी : मीच. इथलं प्यायचं ठरलंय ना? दिंडोरी इथून सहाशे किलोमीटर तरी असेल.

भावोजी : आणि काजू? तो ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जहाजातून आणला. माझी वाइन निदान एका देशातली आहे. मिरचीही त्याच अमेरिकेतून आली. तुमच्या बांगड्याच्या तिखल्यातून मिरची काढली तर काय उरतं?

वहिनी : तिरफळ, सोलं आणि खोबरं. तेवढ्यावरही मी जेवेन. पण मुद्दा मान्य. कुठून आलं हे बघत बसलो तर पानात भातसुद्धा उरायचा नाही.

भावोजी : मग सरहद्द धरायची? नदीच्या अलीकडे गोवा म्हणून इथलं ते इथलं, आणि पलीकडे आरोंद्याचं परकं?

वहिनी : ती सरहद्द तर मला माहेरापासून नडते आहे. हा पेडणे महाल सावंतवाडीकरांचा होता, 1788 साली तो पोर्तुगीजांकडे गेला. समोरचा किल्लाही सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला. माझ्या आजीच्या माहेरची माणसं इकडची. मासे तेच, वाटप तेच, काजूची झाडं तीच. तेव्हा सरहद्दही नको.

भावोजी : मग राहिलं काय? माझ्या वाइनला बाहेरची म्हणायला कारण तरी सांगा.

वहिनी : आधी तुम्ही सांगा, ती दिंडोरीची तरी आहे का? द्राक्षाची जात फ्रान्सची, टाक्या स्टीलच्या, लेबल इंग्रजी.

भावोजी : असं म्हणणाऱ्याला मी फेब्रुवारीत बागेत उभा करतो. आमच्याकडे थंडीत पहाटे पारा आठ-नऊवर उतरतो आणि दुपारी तिशीला टेकतो. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते. आमच्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलात खरड, पाऊस सरताना गोडी छाटणी. खाण्याच्या द्राक्षाचं सगळं तंत्र मणी फुगवण्याचं, त्याला जीए या संजीवकाचं डिपिंग करतो, पाणी देतो. वाइनच्या द्राक्षाचं नेमकं उलटं. मणी बारीक हवा आणि एकरी माल मुद्दाम कमी ठेवायचा. वडिलांना ते पटायला फार वेळ लागला. माल कमी काढायचे पैसे कोण देतं, असं विचारायचे.

वहिनी : आणि कोण देतं?

भावोजी : वाइनरी देते. तिचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो. चार ओळींतून चार घड घेतो, मणी चिरडून थेंब काचेवर सोडतो, उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो. साखर बावीस-तेवीस ब्रिक्सला आली की म्हणतो, आज रात्री तोडा. मग हेडलॅम्प लावून तोडणी. ऊन चढायच्या आत क्रेट वाइनरीच्या दारात पोचली पाहिजेत, नाहीतर फळ तापतं आणि वास उडतो. माझ्या बागेतल्या चेनिनला पिकल्या पेरूचा एक वास येतो. तो मला डोळे मिटून ओळखता येतो. तो वास दिंडोरीचा नाही तर कुठला?

वहिनी : आता नीट बोललात. म्हणजे झाड कुठलं हा प्रश्न नाही, हात कुणाचे हा आहे.

भावोजी : हात आणि वर्षं. 1980च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला वाइन काढायला घेतली तेव्हा लोक हसले. राजीव सामंतांनी 1999 साली नाशिकला सुला काढली. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, मग आमच्याकडे वाइनरी उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं झाली. एखादी चव आपली म्हणायला अजून किती वर्षं थांबायचं? काजूला तरी पहिल्या पंचवीस वर्षांत कुणी इथला म्हटलं असेल का?

वहिनी : वर्षं मोजून नाही ठरायचं. मला एक सांगा, ती तुमची जुनी बाग का काढलीत?

भावोजी : ते आता कशाला?

वहिनी : सांगा तर.

भावोजी : मंदी आली होती. 2009 साली एका वाइनरीने माल उचललाच नाही. करार होता, सही-शिक्का होता. आज येतो, उद्या येतो करत घड वेलीवर बेदाण्यासारखे झाले. वाइनचं द्राक्ष मंडईत कोण घेणार? बारीक मणी, आत बिया. पुढच्या छाटणीला एक एकर ठेवून बाकी सगळी काढली आणि खाण्याची थॉमसन लावली. आमच्या भागात तेव्हा पुष्कळांनी तेच केलं. पुन्हा वाइनकडे वळायला मला बरीच वर्षं लागली.

वहिनी : हीच माझी कसोटी. एखादी वस्तू विकली गेली नाही तर मार कुणाच्या घराला बसतो? ज्या गावाला बसतो, त्या गावची ती चव. तुमची वाइन दिंडोरीची आहे, शंभर टक्के, कारण ती खपली नाही तर तुमची बाग उखडते. केरीत ती खपली नाही तर दुकानदार दुसरी बाटली मांडतो. इथे कुणाचंच काही उखडत नाही.

भावोजी : म्हणजे नफ्यावरून नाही, नुकसानावरून गाव ओळखायचं?

वहिनी : नफा मुंबईला, बंगळुरूला, कुठेही जातो. तोटा गावातच राहतो.

भावोजी : कसोटी कडू आहे, पण चालेल. आता तुमचा हुर्राक तिच्यावर घासून दाखवा. तो तर गावात हातोहात संपतो असं ऐकलंय. ज्याचा तोटाच नाही, तो गावचा कसा?

वहिनी : काल सकाळी मी टेकडीमागच्या भट्टीवर जाऊन आले. तुम्ही झोपला होतात. काजूचे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलेच गोळा करतात. बायका पहाटे खाली वाकून वेचतात, बी पिळून वेगळी काढतात आणि बोंडू टोपलीत. मग खडकात कोरलेल्या कुंडीत ते तुडवायचे. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून वर मोठा दगड ठेवतात. त्यातून रात्रभर थेंब थेंब झिरपतो तो नीरो. गोड आणि जिभेला जरासा खरखरीत, घशाला लागणारा. तो त्याच सकाळी प्यायचा, दुपारी तो बदललेला असतो. तुडवलेला रस मात्र दोन-तीन दिवस ठेवतात. यीस्ट नाही, काही नाही, आपोआप आंबतो. मग तांब्याच्या भांड्यात लाकडाच्या जाळावर. पहिल्यांदा निघतो तो हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी, चाळिशीच्या वरची.

भावोजी : म्हणजे मधल्या टप्प्यावर, आंबलेला रस भांड्यात जायच्या आधी, ती वाइनच असते. फळ आंबवून केलेली. फक्त तुम्ही तिथे थांबत नाही.

वहिनी : थांबत नाही, कारण बोंडू तेवढा वेळच देत नाही. तुमचं द्राक्ष वेलीवर आठवडाभर तरी कळ काढतं. बोंडू पडला की दुसऱ्या दिवशी काळा. अवकाळी पावसाची एक सर आली तर अख्खी टोपली पाण्याची. म्हणून तोटा रोजचाच आहे, फक्त त्याला कुणी मंदी म्हणत नाही. आणि हुर्राक खपतो म्हणालात तो मार्च ते मे. टिकवायचा नसतो, पावसाच्या आधी संपवायचा. वर भट्टीवाल्याने झोनचे पैसे आधीच भरलेले असतात. काजूचे झोन सरकार दर वर्षी लिलावाने देतं. बहर कमी आला म्हणून लिलावाचे पैसे परत मिळत नाहीत.

भावोजी : द्या तो ग्लास. लिंबू आणि मिरची कशाला घातलीत?

वहिनी : इथे तसाच पितात. लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. पाहुणे आलेत म्हणून काही वेगळं नाही.

भावोजी : वास जबर आहे. पण घशाखाली सौम्य उतरतो. आता माझी पाळी. हे तळलेले मुडदुशे घ्या आणि वर चेनिनचा घोट. बाटली तासभर आधी बर्फाच्या पाण्यात ठेवली होती, फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ती नुसती बधिर झाली असती.

वहिनी : चांगली लागते. खरंच चांगली लागते. रव्याचं तेल जिभेवरून उतरलं.

भावोजी : आंबटपणा तेच करतो. लिंबू पिळतो ते काम ती करते. आणि चेनिनमध्ये किंचित गोडवा असेल तर मिरचीची धार बोथट होते. लाल वाइन मी मुद्दामच आणली नाही. तिच्यातलं टॅनिन तिखटाला भडकवतं आणि तिच्यातल्या लोहामुळे माशाचा वास तोंडात वाढतो. हे लोहाचं जपानी संशोधकांनी तपासून दाखवलंय.

वहिनी : आता हे तिखलं घ्या. तिरफळ आहे, सोलं आहेत. घोट घ्या वर.

भावोजी : हं... वाइन गेली कुठे?

वहिनी : तेच विचारणार होते. तिरफळाने जीभ बधिर होते आणि सोलांच्या आंबटापुढे तुमचं आंबट पाण्यासारखं होतं. यात वाइनचा दोष नाही. आमच्या जेवणात मधे प्यायला जागाच ठेवलेली नाही. तुमच्या त्या वाइनच्या जेवणात एक पदार्थ येतो, जातो, मग दुसरा येतो. त्यांच्या मधे घोट बसतो. आमच्याकडे भात, आमटी, सुकं, तळलेलं सगळं एकदम पानात. कालवून खायचं. भाताचा घास आणि आमटी मिळून जी चव होते तिच्यात तिसऱ्याला शिरू देत नाही. प्यायचं ते आधी, आणि शेवटी सोलकढी. पोटाला ती उतारा म्हणून चालते आणि हाताच्या ओंजळीतून पिता येते.

भावोजी : एवढं घट्ट सांगू नका. याच गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या टोस्टला पोर्ट वाइन लागते. सोरपोतेल, रेशाद मसाल्याचे बांगडे, बालशांव, चौरिसो, पोयी. त्या पानात माडाचं व्हिनेगर आहे, वाइनला ते पान नवं नाही. त्यांनी बाहेरची वाइन घेतली आणि आपली करून टाकली. मिरची घेतली तशी. समुद्रकाठचं गाव कधी फक्त स्वतःचं पिकवून जगलंय? जहाजातून येईल ते चाखायचं, पटेल ते ठेवायचं, हीच किनाऱ्याची रीत.

वहिनी : ही रीत मान्य. पण घेणारं घर कुणाचं होतं? त्यांनी आपल्या चुलीवर घेतलं. आपण काय करतो? व्हिलाच्या आचाऱ्याचा मोबाइलवर मेनू आला, बघितलात? सुरमई फ्राय, पापलेट करी, कोळंबी मसाला, कोकणी थाळी. अमुक वाजेपर्यंत कळवा. एप्रिलचा आठवडा असो की डिसेंबरचा, मेनू एकच. पाहुण्याला काटे नकोत म्हणून सुरमई. ती महाग होते आणि गावातल्या माणसाच्या पानातून जाते. आणि मुडदुशे, पेडवे, तिसरे, खुबे हे कुणी मागत नाही म्हणून मेनूवर येत नाहीत.

भावोजी : आचाऱ्याला दोष देऊ नका. त्याचं पोट पाहुण्यांवर आहे.

वहिनी : दोष त्याला नाही, मागणाऱ्याला. काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण गेलो तेव्हा तुम्ही पहिल्याच पाटीवर विचारलंत, सुरमई आहे का? ती बाई हसली. तिच्यापुढे ताजे मुडदुशे वाळूसकट पडले होते, कल्ले लालभडक. माझी आई म्हणायची, पयली मासळी बघूची, मगे वाटाप वाटूचा. आपण वाटप घरी ठरवून बाजारात जातो.

भावोजी : हे मला लागलं, कारण द्राक्षात गिऱ्हाईक आमच्याशी तेच करतं. मणी एवढ्याच मिलिमीटरचा हवा, रंग असाच हवा. बाकी माल बाजूला. पण व्हिलाच्या बाजूने एक बोलू द्या. हॉटेलात आपण राहिलो असतो तर तुमचे मुडदुशे कुठे तळले असते? व्हिलात चूल मिळते. पाटा-वरवंटा नसला तरी मिक्सर मिळतो, कोयती मिळते, नारळ खवायला विळी मिळते. आचाऱ्याने काल तुमच्याकडून तिखलं शिकून घेतलं नाही, उलट त्याने तुम्हाला किसमूर शिकवलं. सुकी सुंगटं भाजून, खोबरं, कांदा, कोकम. पाहुणा आणि गावचा माणूस एका ओट्यापाशी उभे राहिले, हे हॉटेलात होत नाही.

वहिनी : हे मात्र खरं. त्याने मेनूवर नसलेलं किसमूर केलं ते आपण बाजारातून काय आणलंय हे बघून. म्हणून माझं म्हणणं एवढंच की व्हिला घ्यावा, पण मेनू घेऊ नये. आणि जून-जुलैत आलात तर मासेमारी बंद असते हे लक्षात ठेवून यावं. तेव्हा सुके बांगडे, सुकी सुंगटं, फणसाची भाजी. तेव्हा ताजी सुरमई मागितली तर ती बर्फातली येते, आणि कुठून आली हे कुणी सांगत नाही.

भावोजी : ठीक. खाण्यात तुम्ही जिंकलात. पिण्याचं अजून बाकी आहे. कसोटी नुकसानाची म्हणालात. दोडामार्गात तुमच्या बागेत काय होतं बोंडूचं?

वहिनी : सडतो. बी काढायची आणि बोंडू झाडाखाली टाकायचा. लहानपणी मे महिन्यात आमच्या बागेत जो आंबट वास भरायचा तो मला अजून कुठेही ओळखू येतो. काही गोळा करून टेम्पोत भरून इकडे गोव्यात येतो, इथल्या भट्टीवाल्यांना. एकच झाड, सरहद्दीच्या अलीकडे त्याच्या फळाच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली गोवा सरकारने फेणीला वारशाचं पेय ठरवलं. पलीकडे त्याच फळावर भट्टी लावली तर पोलीस. हा हुर्राक मला आईकडे नेता येत नाही, बांद्याला गाडी तपासतात. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती काढल्या, बी मोठी झाली, झाडं वाढली, म्हणजे सडणारे बोंडूही वाढले.

भावोजी : मग आमच्यासारखी मागणी का नाही केलीत? द्राक्षाला धोरण आपोआप नाही मिळालं. बागायतदार संघटित होते, साखर कारखानदारीत मुरलेली माणसं मागे होती.

वहिनी : आमची बागायत डोंगरउताराला, तुकड्या-तुकड्यांत. कोण कुणाला भेटतंय? पण तेवढंच नाही. मला स्वतःलाच नक्की काय हवंय ते ठरवता येत नाही. आमच्या वाडीत दारूने तीन घरं बसलेली मी बघितली आहेत. आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून गावातली दुकानं बंद करायला लावली, ‘आडवी बाटली’ म्हणून. त्या बायकांना मी कसं सांगू की भट्टीला परवानगी द्या, पाहुण्यांना वारसा चाखायचाय?

भावोजी : म्हणूनच मी वाइनच्या बाजूने बोलतो. बारा-तेरा टक्के. जेवणाबरोबर, बसून, एक ग्लास.

वहिनी : आणि हुर्राक पंधरा. दोन टक्क्यांत संस्कार बदलत नाही, भावोजी. बदलतो तो पिणारा. तुमच्या वाइनला टेस्टिंग रूम आहे, हिरवळ आहे, तिकडे लोक फोटो काढायला जातात. 2022 साली मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं तेव्हा शेतकऱ्याच्या उत्पन्नाचं कारण पुढे केलं. तेच कारण काजूवाल्याला का लागू होत नाही? अण्णा हजाऱ्यांनी तेव्हा विरोध केला तो मला पटला होता, आणि तुमची बाजूही पटली होती. मी दोन्हीकडे आहे, आणि ते सोयीचं नाही.

भावोजी : त्याच वर्षी बोंडू आणि मोहाच्या फुलांपासून केलेल्या मद्याची वर्गवारी बदलली होती ना? देशी दारूतून काढून विदेशी मद्याच्या रांगेत बसवलं.

वहिनी : बसवलं. म्हणजे वरच्या दुकानात विकता येईल. पण ते काढायला कारखाना लागतो, परवाना लागतो, भांडवल लागतं. आमच्या वाडीतल्या माणसाकडे तांब्याचं भांडं आहे, एवढंच. जो कारखाना काढेल त्याला बोंडू पुरवणारे आम्ही होणार.

भावोजी : मी द्राक्षं पुरवतो तसे. त्यात कमीपणा काय?

वहिनी : कमीपणा नाही. फक्त भट्टीवाला स्वतःच्या मालाचा भाव सांगतो, पुरवणारा दुसऱ्याने सांगितलेला ऐकतो.

भावोजी : मग मी आता गंभीरपणे बोलतो, हुर्राक बोलत नाही. आमच्याकडच्या एका छोट्या वाइनरीवाल्याशी माझी ओळख आहे. तोडणी मार्चमध्ये संपते, त्यानंतर त्याच्या टाक्या रिकाम्या असतात. तुमच्या बोंडूचा हंगाम नेमका तेव्हा चढलेला. भट्टी नको, कडक काही नको. रस थंड करून टँकरने न्यायचा आणि वाइन करायची, तुम्ही जिथे थांबत नाही तिथे थांबायचं. सडणारं फळ वाचेल, आणि आडव्या बाटलीवाल्या बायकांनाही सांगता येईल की ही भट्टी नाही.

वहिनी : बोंडू वेचायला माणसं पहाटे लागतात. रस तिथल्या तिथे काढून थंड करायला शेड लागेल, वीज लागेल. मे महिन्यात आमच्याकडे वादळी वाऱ्याने लाइट जाते. जनरेटर कुणाचा?

भावोजी : वाइनरीचा. ते करारात घालू.

वहिनी : किलोला भाव काय?

भावोजी : ते... साखरेवर ठरेल. ब्रिक्सवर.

वहिनी : ब्रिक्स मोजणारा माणूस कुणाचा?

भावोजी : वाइनरीचा.

वहिनी : आणि पाऊस आधी आला, बोंडू पाण्याचे झाले, साखर उतरली, तर?

भावोजी : तर भाव कमी. आमच्याकडेही तसंच असतं.

वहिनी : आणि मंदी आली, टँकर आलाच नाही, तर? द्राक्ष निदान वेलीवर वाळतं, बोंडू त्याच दिवशी जातो. वेचणाऱ्या बायकांची मजुरी कोण देणार?

भावोजी : माल उचलला नाही तरी ठरलेल्या भावाचा निम्मा द्यायचा, असं लिहून घेऊ. सही-शिक्क्यासकट.

वहिनी : तुम्हालाही दिलं होतं ना लिहून?

भावोजी : ...दिलं होतं.

वहिनी : मग निम्मे पैसे हंगामाच्या आधी बँकेत जमा झाले पाहिजेत, वाडीच्या बचत गटाच्या नावावर. त्या बायकांनी हो म्हटलं तर पुढे बोलू. पहिलं कलम ते लिहा, बाकीची नंतर.